तीन लाखांत जुनी गाडी: डिझेल डिझायर घ्यावी की पेट्रोल वॅगन-आर?

साताऱ्याजवळ राहणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. हातात तीन लाख रुपये आहेत, कर्ज काढायचं नाही. शाळेत जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर, महिन्यातून एकदा सासुरवाडीला चिपळूण. घरात नवरा-बायको, दोन मुलं, अधूनमधून आई. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१४ ची डिझेल डिझायर, मीटरवर १,१८,००० किलोमीटर, डीलर २ लाख ९५ हजार सांगतोय. दुसरी २०१५ ची पेट्रोल वॅगन-आर, ६२,००० किलोमीटर, दुसरा मालक, घरगुती विक्री, मागणी २ लाख ६० हजार. कोणती घेऊ, आणि घेतल्यावर खर्च अंगावर येऊ नये म्हणून काय करू, असं ते विचारतात.

सर, माझं गॅरेज हायवेलगत आहे आणि जुनी गाडी घेण्याआधी "जरा बघून द्या" म्हणणारे लोक आमच्याकडे नेहमी येतात. त्यातले बहुतेक मॉडेलवर अडकलेले असतात. तुमची खरी अडचण मॉडेलची नाही. तीन लाख हे तुमचे सगळे पैसे आहेत, आणि २ लाख ९५ हजारांची गाडी घेतली तर ती दारात उभी राहील तेव्हा खिशात पाच हजार उरतील. दहा-अकरा वर्षांची गाडी घेतली की पहिल्या वर्षी काही ना काही निघतंच. इन्शुरन्स, नाव ट्रान्सफर, टायर, बॅटरी, खालची सस्पेन्शनची रबरी बुशं, कदाचित क्लच. नुसते चार टायर घ्यायचे म्हटले तरी छोट्या गाडीला पंधरा-वीस हजारांची तयारी ठेवावी लागते. म्हणून चाळीस-पन्नास हजार बाजूला काढून ठेवा आणि त्यांना हात लावू नका. तुमचं बजेट तीन लाखांचं असलं तरी गाडीचं बजेट अडीच लाखांचं आहे.

आणि भाव करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या की जुन्यांच्या उतरायलाच हव्यात. पण विकणाऱ्याच्या डोक्यात अजून शेजाऱ्याने मागच्या वर्षी घेतलेला भाव असतो. नव्या गाडीचा आजचा ऑन-रोड भाव शोरूममधून लिहून आणा आणि बोलणी त्यावरून सुरू करा.

आता डिझेलचं बघू. तुमचं रनिंग मी असं धरतो: शाळेचे महिन्याला दोनशे, चिपळूणचे अडीचशे, गावातल्या गावात शंभर-दीडशे. म्हणजे सहाशे. वॅगन-आर सतरा आणि डिझायर वीसचं ॲव्हरेज देईल असं समजू, घाट धरून. पेट्रोल लिटरला १०४ आणि डिझेल ९१ धरलं तर पेट्रोलचे महिन्याला साधारण ३,७०० आणि डिझेलचे २,७०० होतात. हजाराचा फरक, वर्षाला बारा हजार. आणि डिझेलमध्ये इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), यातलं एक जरी निघालं तरी दोन वर्षांची बचत त्या एका बिलात जाते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर हायवेवर चालवणाऱ्याला मी आजही ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन घ्या म्हणेन, कारण इंजिन म्हणून ते चांगलंच आहे. लाख-सव्वा लाख किलोमीटर त्याला काही जास्त नाहीत, नीट ऑइल बदललेलं असेल तर.

पण तुमची शाळा चार किलोमीटरवर आहे. डिझेल इंजिन गरम व्हायला वेळ लागतो. चार किलोमीटरमध्ये ते धड गरम होत नाही तोच तुम्ही बंद करता. असं रोज झालं की ईजीआर आणि इनटेकमध्ये काजळी साठते, पिकअप जातो, काळा धूर येतो. (२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, तो छोट्या फेऱ्यांनी तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुढेमागे ती गाडी घ्यायची झाली तर हे आठवा.)

डिझायरबाबत आणखी दोन गोष्टी तपासा, कारण ती डीलरकडची आहे. एक, ती आधी टूरिस्ट पासिंगची होती का? डिझायर टॅक्सीत भरपूर चालली. परमिट सोडून, पिवळी पाटी काढून खासगी पासिंग केलेल्या गाड्या बाजारात असतात. बेकायदा काही नाही, पण टॅक्सी म्हणून धावलेल्या गाडीचे १,१८,००० मला खरे वाटणार नाहीत. दोन, ती दिल्ली किंवा हरियाणाच्या एनसीआर (दिल्लीलगतच्या) भागातून आलेली आहे का? तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून अशा गाड्या स्वस्तात खाली येतात. परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओचं एनओसी (ना-हरकत पत्र), इथला टॅक्स, नवीन नंबर. हे सगळं पूर्ण झालेलं असेल तरच बोला. "होऊन जाईल, आपला माणूस आहे आरटीओत" यावर इसार देऊ नका.

थोडक्यात, तुमच्या वापराला वॅगन-आर बरी, आणि तीही तपासणीत पास झाली तर. उंच बसायला असल्याने आईंनाही चढ-उतार सोपी. त्या गाडीत तीन सिलिंडरचं एक लिटर इंजिन आहे, टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. पार्ट तालुक्याच्या गावात मिळतो आणि कुठलाही मेकॅनिक हात घालतो. दोन उणीवा मात्र सांगतो. भरलेल्या गाडीला चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात दम लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढवावी लागेल. आणि त्या काळच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सहसा नसायचं. आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. तुम्ही दर महिन्याला घाट उतरणार, पोरं मागे बसणार. शोधताना एअरबॅग आणि एबीएस असलेली तीच गाडी दहा-पंधरा हजार जास्त देऊन मिळत असेल तर मी ते पैसे देईन आणि म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील वगैरेला एक रुपया देणार नाही.

सीएनजीचंही लोक सुचवतील. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप असेल आणि रनिंग हजाराच्या वर जाणार असेल तर विचार करा. सहाशेला किटचे पैसे निघायला फार वर्षं लागतात, आणि चिपळूणहून येताना आंब्याच्या पेट्या ठेवायला डिकी लागतेच. बाहेरून किट बसवलेली गाडी पुढ्यात आली तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, इन्शुरन्समध्ये उल्लेख आहे का, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झाली आहे का, एवढं बघा. नोंद नसेल तर गाडी सोडा.

तपासणीला जाताना सकाळी जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी आधीच गरम करून ठेवली आहे. का, ते विचारा. गाडी थंड असतानाच कूलंटची बाटली बघा. हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट असावं. गढूळ, गंजकट पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. वर तेलाची साय दिसली तर हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेल्याचा संशय घ्या. मग डिपस्टिक काढा. पेट्रोल गाडीचं ऑइल काळसर असलं तर चालतं, पण डांबरासारखं घट्ट नको, आणि नुकतंच भरलेलं मधाच्या रंगाचं असेल तर त्याचं बिल मागा.

आता गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती दोन-चार मिनिटांत जाते, तिची काळजी नाही. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. वाफ जाता जात नसेल आणि गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. पाच मिनिटांनी इंजिन चालू असतानाच वरचं ऑइलचं झाकण सैल करून नुसतं टेकवून ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. भसाभस धूर फुंकत झाकण उडायला लागलं तर पिस्टन-रिंगचं काम जवळ आलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडा धरतोही, म्हणून तो एकटा बघून निकाल देऊ नका, कूलंटच्या बाटलीशी ताडून बघा.

पुराच्या गाडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात हे दुखणं मोठं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला किती गाड्या पाण्यात बसल्या ते तुमच्या सासुरवाडीच्या लोकांना सांगायला नको. त्या धुऊन, सीटकव्हर बदलून, वासाची बाटली लावून पुन्हा बाजारात आल्या, काही दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. बाहेरून चकाचक दिसतात. तुम्ही पुढचा सीटबेल्ट शेवटापर्यंत, अगदी अडेपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस वरचा हातभर पट्टा धुतो, रिळात गुंडाळलेला कुणी धूत नाही. तिथे मातकट पट्टा किंवा आडवी डागाची रेघ दिसली की समजायचं. मग ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सरकवून रुळांचे स्क्रू बघा, गालिचाची कड उचलून खाली बोट फिरवा, डिकीत स्टेपनी काढून खळग्यात बघा. चिकणमातीचा बारीक थर कुठल्या तरी कोपऱ्यात राहिलेला असतोच. ही गाडी स्वस्त मिळते, इंजिनही कदाचित चांगलं चालतं, पण वायरिंगच्या कनेक्टरना आतून हिरवट थर धरतो आणि मग कधी काच वर जात नाही, कधी दिवा जातो, कधी गाडी वाटेत बंद पडते आणि परत आपोआप चालू होते. असा फॉल्ट शोधण्यात गिऱ्हाईक आणि मेकॅनिक दोघांचंही वाटोळं होतं. कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

ठोकलेल्या गाडीबाबत माझं मत जरा मवाळ आहे. बंपर, फेंडर, दरवाजा रंगवलेला असेल तर दहा वर्षांत ते होणारच, भाव पाडायला वापरा. चेसिसला मार नको. दरवाजाच्या चौकटीचं रबरी बीडिंग हाताने ओढून खाली बघा. कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे एकाच अंतराने, एकसारखे असतात. ते बुजलेले, वेडेवाकडे दिसले किंवा जाड पुट्टी लागली तर पिलर ठोकून काढलाय. तसंच बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि समोरची पट्टी बघा. बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा असतील तर बॉनेट उतरवलं होतं, का ते विचारा.

मीटर मागे करणं आजही सर्रास चालतं. ६२,००० दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला सहा हजार. घरगुती वापराला पटण्यासारखं आहे, पण पडताळा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला बरोबर घेऊन जा, गाडीच्या नंबरवरून आधीच्या सर्व्हिसचे किलोमीटर काढून मिळतात. बिलं नसतील तर गाडीच सांगते. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरच्या मुठीवरचे आकडे, ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड. साठ हजारांत पेडलच्या रेघा थोड्या झिजतात, गुळगुळीत होत नाहीत. पेडलचं रबर कोरं करकरीत असेल तर उलट संशय घ्या. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी घाटासाठी बाद धरा आणि त्याचे पैसे भावातून कापा.

ट्रायल सपाट रस्त्यावर घेऊ नका. तुमच्याजवळ यवतेश्वरचा घाट आहे, तिथे न्या, मालक शेजारी आणि घरची दोघं मागे बसवून. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढला पण गाडी पुढे सरकली नाही तर क्लच प्लेट संपली. एसी लावून चढवा. उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का, ते बघा. गतिरोधकावर खालून खडखड आली तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मची बुशं गेलीत. फार महाग नाही, पण बोलणीत घ्या. परत आल्यावर इंजिन चालू ठेवा, रेडिएटरचा फॅन लागतो का ते थांबून बघा. शेवटी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी वर उचलून खालून दाखवा. त्याला त्याचे पाचशे-हजार द्या. फुकट बघणारा घाईत बघतो.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण भांडणं इथेच होतात. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, इन्शुरन्स, फिटनेसची मुदत, कर्जाचा बोजा आणि ई-चलन बघा. वॅगन-आरचं पासिंग २०१५ चं असेल तर पंधरा वर्षं २०३० ला भरतील. त्यानंतर फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हा खर्च धरून चाला. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर, तुमचं नाव भरून. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपघात झाला तर आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी पुढे कितीही हात फिरली असो. त्यामुळे विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. नसेल तर त्याला हे सांगा. आणि डीलरकडूनच घ्यायची झाली तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते दाखवा म्हणा. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे प्रीमियम त्याच्यापेक्षा जास्त येईल. फसवलं असं वाटून घेऊ नका.

गाडी घरी आली की पहिल्या पंधरवड्यात एकदा मीटर शून्य धरून सगळी द्रव्यं बदला: इंजिन ऑइल-फिल्टर, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. सोबत एअर फिल्टर, प्लग, फॅन बेल्ट. आधीच्या मालकाने "आत्ताच केलंय" म्हटलं तरी करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि लांब उतारावर तापलं की पेडल खाली जातं, म्हणून ते दर दोन वर्षांनी. मागचे ब्रेक ड्रम उघडून साफ करून घ्या. त्यानंतर इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुमच्या रनिंगला वर्षच आधी येईल. किलोमीटर झाले नाहीत म्हणून दोन वर्षं तेच ऑइल ठेवणारे फार भेटतात, आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीचं ऑइलच लवकर खराब होतं.

कुंभार्ली उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक मधूनमधून दाबा. इंजिन तापलं तर बाजूला घेऊन बंद करा आणि अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. पावसाळा संपला की खालून प्रेशरने धुऊन घ्या आणि दरवाजांच्या तळाची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. गंज सुरू होतो तो तिथूनच. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं आणि २०१५ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. दर सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी पाइपांना भेगा, वास, पाझर आहे का ते बघायला सांगा, आणि ॲव्हरेज थोडं कमी पडलं तर लगेच इंजिन उघडू नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. जागेवर नुसती चालू करून ठेवल्याने बॅटरी धड चार्ज होत नाही. आणि अंगणात धान्याची पोती किंवा कोंबड्यांचं खाद्य असेल तर गाडी त्याच्या शेजारी लावू नका. उंदीर बॉनेटखाली शिरून वायरिंग कुरतडतात, आणि ते काम बऱ्याचदा क्लचपेक्षा महाग पडतं.